काठाला खाच असलेली सहाण

शनिवार, ३ जुलै २०२१
टूनगॅबीतल्या नव्या खोलीत राहायला आले. लॉकडाऊनमध्ये घर बदलणं वेडेपणाच, पण खिडकीत मॅग्नोलिया आहे, आणि घरमालकीण विमलताईंनी दारातच, दीड मीटर राखून, पिठलं-भाकरी पुढे सरकवली. वय चौऱ्याहत्तर. मुलगा अवधूत पर्थला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिकडची हद्द बंद. म्हणाल्या, घरात मराठीत शिंकणारं कुणीतरी हवं होतं. किती दिवसांनी हसले.

रविवार, ११ जुलै
ताईंचे यजमान, कै. विश्रामकाका, वैद्य होते. ताईंनी त्यांचा डबा दाखवला: वेखंड, सुंठ, हळकुंडं आणि लाल दोऱ्याने बांधलेल्या वेगळ्या पुडीत बचनाग. ताई तो उगाळून गुडघ्यांना लेप लावतात. कळ बधिर होते. काका तो गोमूत्रात शुद्ध करून तापाच्या औषधात वापरत, पण पोटात द्यायची परवानगी घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती. मी बॉटनीची एम.एस्सी. जरा मिरवतच सांगितलं की हे विष ठाऊक आहे, पोटात गेलं की आधी ओठांना मुंग्या येतात, मग हृदयाचे ठोके चुकतात.
म्हणून घरात सहाणी दोन. काठाला खाच असलेली लेपाची, गुळगुळीत काठाची पोटातल्या औषधाची. ताई म्हणाल्या, मयूरे, बोटाला खाच लागली की हात मागे घ्यायचा. तेवढं लक्षात ठेव, पदवी राहू दे.

गुरुवार, २२ जुलै
नीट लिहायला हवं.
ताईंना कोरडा खोकला होता. कोविड टेस्ट निगेटिव्ह. दुपारी त्यांनी वेखंडाचे दोन वेढे उगाळून मधातून मागितले. माझी तीनची मीटिंग. ओट्यावर होती ती सहाण घेतली, उगाळून दिलं. सकाळच्या लेपानंतर ती धुतलेली नव्हती. मला दिसलं नाही, असं आत्ता लिहिणार होते. खाच बोटाला लागली होती. लागली होती. मीटिंगला दोन मिनिटं उरली होती.
चारला ताई म्हणाल्या, ओठ झोपलेत गं. मग उलट्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, काही घरगुती औषध दिलं का. मी म्हणाले, फक्त मध. स्ट्रेचरवरून ताईंनी माझी बाही धरली आणि विचारलं, मयूरे, कोणती सहाण?
मी म्हणाले, गुळगुळीत.
त्यांनी बाही सोडली.

शुक्रवार, २३ जुलै
हॉस्पिटलमधून दोनदा फोन. ठोक्यांचा मेळ बसत नाही, कारण सापडत नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळा विचारलं, काही पोटात गेलं असेल का. दोन्ही वेळा सांगता आलं असतं. भीती नव्हती ती. लाज होती. एम.एस्सी.ची लाज.
ताई संध्याकाळी सहाला गेल्या.

मंगळवार, २७ जुलै
झूमवर अंत्यविधी. अवधूत रडत म्हणाला, तू होतीस म्हणून आई एकटी नव्हती, थँक यू. त्याच्या उर्वीने मध्येच विचारलं, वॉज आजी स्केअर्ड? मी नो म्हणाले. आजीने माझ्यावर विश्वास ठेवला, हे त्या पोरीला कसं सांगू?

बुधवार, ४ ऑगस्ट
खाचेची सहाण लाल झाकणाच्या बिनमध्ये टाकली. ट्रकने नेली. खिडकीतून स्वतः पाहिलं.

गुरुवार, ५ ऑगस्ट
तीनच्या मीटिंगमध्ये आमचा कुमार वैतागला. कुणाकडे तरी दगडावर दगड घासतंय, मयूरा, म्यूट कर ना यार. त्याच्या स्क्रीनवर माझंच नाव उजळत होतं म्हणे.
मी म्यूटवर होते.

सोमवार, ९ ऑगस्ट
खोकला. मला. कोरडा.
जेवून उठले तर ओट्यावर वाटी. मध. त्यात उगाळलेलं काहीतरी, दोन वेढ्यांएवढं. मी ठेवलेली नाही. फेकून दिली, हात तीनदा धुतले. तरी ओठांना मुंग्या — कल्पना असेल.

मंगळवार, १० ऑगस्ट
ओट्यावर सहाण. ओली. गुळगुळीतच असणार, दुसरी घरात नाही. काठावरून बोट फिरवलं —
खाच.

बुधवार, ११ ऑगस्ट
आज पुन्हा. बोट फिरवलं, काहीच लागलं नाही. गुळगुळीत आहे, की माझं बोटच —
सुई टोचून पाहिली. रक्त आलं. दुखलं नाही.

गुरुवार, १२ ऑगस्ट
अवधूतला सगळं लिहायला बसले. सहाण, मध, दोन्ही फोन. त्याच्या आईला दिलेलं उत्तरसुद्धा. "प्रिय अवधूत"च्या पुढे —
तीन वाजले. घासणं चालू आहे. एक वेढा.
दोन.
थांबलं. खुर्चीमागे मधाचा वास. ताई रागावलेल्या नाहीत — तेच सहन होत नाही — खोकला ऐकून आल्यात. चमचा माझ्या ओठांपाशी. ओठ झोपलेत. मागे बघायची लाज वाटते.
विचारलं, ताई, कोणती सहाण?
त्या म्हणाल्या, गुळ—