पेण ते रोहा, आभाळातून

३ फेब्रुवारी, मंगळवार

विमान! दत्ताशेटला विमान पाहिजे. पेणहून रोह्याला जायला!

हे मी त्यांच्या तोंडावर बोलले असते. पण बोलायचं नाही. काल पेणच्या डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं - गाठी आल्यात, बारीक. "लग्नात गायचं असेल तर तोवर तोंडातून शब्द काढू नका. फारच उकळलं तर लिहून काढा." सुनेने लगेच वही आणून दिली. प्रणिताला एवढी खूश मी कधी बघितली नव्हती!

तर लिहिते. आज रामवाडीला दत्ताशेटकडे गेले होते. त्यांच्या निलेशचं लग्न, मुलगी रोह्याची, मृणाली. मी धवलारीण. मी धवळा म्हणते तेव्हा नवरदेव उंबऱ्याबाहेर पडतो, मी म्हणते तेव्हा नवरीच्या मांडवात शिरतो. मंत्र नंतर, माझं गाणं आधी. आमच्यात असंच असतं.

मी हातानेच विचारलं, बस किती? दत्ताशेट मिशीवरनं हात फिरवून म्हणतात, "बस जुनी झाली गो मालू. प्रायव्हेट जेट!"

पुतण्या नितेश तिथेच कंपनीला फोन लावून बसला होता. फोनवरची पोरगी विचारते, सर, रोह्याला विमानतळ कुठे आहे? नितेश म्हणाला, मैदान हाय ना मोठं. पोरगी म्हणते, धावपट्टी लागते. मागनं दत्ताशेट ओरडले, "तिला सांग, धाटावच्या कारखान्यांचा रस्ता सरळ हाय! शिफ्ट सुटायच्या आधी उतरव म्हणावं!"

पोरीने तिकडे कोणाला तरी विचारलं. मग म्हणाली, सर, तुम्ही हेलिकॉप्टर घ्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हेलिकॉप्टर ठरलं. म्हणे दहा-बारा मिनिटांत रोहा. तेवढ्यात माझं एक गाणं पण संपत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

डोकं फिरलं माझं! हेलिकॉप्टरात चारच जागा. नवरदेव, आई, बाप आणि करवली. मी?

"मावशी, तुम्ही बसने या," नितेश म्हणाला. अरे, इथल्या उंबऱ्यावर गाऊन मी बसमध्ये चढणार, वडखळला अडकणार, आणि तोवर नवरदेव रोह्याच्या उन्हात ताटकळत उभा? तर हा शहाणा म्हणतो, "गाणं मोबाइलवर भरून घेऊ. ब्लूटूथवर वाजवू."

बोलण्याऐवजी हल्ली पाटी जवळ ठेवते, ती ओढली आणि लिहिलं - मग नवरदेव पण मोबाइलवरच पाठव. निलेश फसकन हसला. पोरगा चांगला आहे. म्हणाला, "मावशी नसतील तर मी मांडवात पाऊल टाकणार नाय." दत्ताशेटचा चहा बशीतच राहिला.

मी एवढी का अडून बसले ते या पानाला सांगते. निघताना डॉक्टर म्हणाला होता, हे लग्न पार पडेल बहुतेक, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे हे शेवटचं असू शकतं. हल्ली बोलावणी पण कमी, लोकांना डीजे पाहिजे. माझ्यामागे कोणी नाही. गोदूबाई आहे, पण ती झेलकरीण. मी ओळ टाकायची, तिने झेलायची, म्हणजे तीच मागनं परत म्हणायची. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून आमची जोडी, पण अख्ख्या जन्मात तिने स्वतः एक ओळ टाकलेली नाही.

शेवटचं असेल तर मी पुरं गाणार. पेणचा उंबरा आणि रोह्याचा मांडव, दोन्ही. आवाज तेवढा पुरला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पोट दुखेपर्यंत हसले, आणि तेही आवाज न काढता!

कंपनीला प्रत्येकाचं वजन पाहिजे. सगळे भाताच्या गिरणीत गेलो, पोती मोजायच्या काट्यावर उभे राहिलो. नवरदेव ठीक. करवली म्हणजे वाळका बोंबील. मी... असो. दत्ताशेट चढले आणि गिरणीवाला म्हणाला, शेट, जरा हळू, काटा नवीन हाय.

नितेशने आकडे कळवले. कंपनी म्हणाली, यातलं एक माणूस कमी करा, सगळ्यात जड.

"मी ठरवलं, मी बुक केलं, आणि मीच बसने?"

"व्हय," बायको म्हणाली. "तिसरी भाकरी नको म्हणत होते तेव्हा ऐकायचं होतं."

झाली माझी जागा!

१५ फेब्रुवारी, रविवार

कंपनीचा माणूस रोह्याला मैदान बघून गेला. ओल्या चुन्याने गोल काढा, मध्ये एच काढा, पाणी मारा, सुटं काही ठेवू नका. त्याचं त्याने बघावं. पण नवरदेव उतरणार तिथे चौक नको? घोड्यावरनं उतरो नाहीतर आभाळातनं, पाय चौकातच पडला पाहिजे!

प्रणिताने नवरीला व्हिडिओ कॉल लावला. मृणाली धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, डोक्यावर पिवळी टोपी तशीच. मी लिहायचं, प्रणिताने वाचायचं - तांदळाच्या पिठाचा चौक काढा. वरनं दिसला पाहिजे. हात आखडू नका, पोतं संपवा. मृणाली म्हणाली, "पीठ बारीक चाळून घेऊ ना मावशी?" घे, लिहिलं. टोपीवाली असली तरी एवढं कळतं हिला.

नितेश कुरकुरला, "मावशी, तो म्हणाला सुटं काही नको." मी लिहिलं - चौक म्हणजे काय कचरा आहे?

२१ फेब्रुवारी, शनिवार

हळद झाली. मी नुसतं कुजबुजले, गोदूबाईने झेललं, उरलं ते डीजेने बुडवलं. आवाज उद्यासाठी ठेवलाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मोरीत जाऊन एक ओळ म्हणून बघितली. आहे! आवाज आहे!

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी येऊन आडवी झाले. आज लिहिते.

गोदूबाईला, दत्ताशेटला आणि नितेशला सकाळच्या बसने पुढे धाडलं होतं. उंबऱ्यावर झेलायला घरच्या बायका होत्या. पुरं गाणं म्हटलं, एक ओळ गाळली नाही. नितेश रोह्याहून व्हिडिओ कॉलवर सारखा घड्याळ दाखवत होता, "शॉर्टमध्ये घ्या ना मावशी, पायलट थांबलाय!" थांबू दे. जन्मभर मी सगळ्यांना चल-चल करत आले - नवऱ्याला, भाजीवाल्याला, देवाला पण. गाणं मात्र कधी पळवलं नाही.

मग उडालो! करवलीने डोळे मिटले. निलेशच्या आईने माझ्या दंडात नखं रुतवली. नवरदेवाच्या मुंडावळ्या हेडफोनमध्ये अडकल्या. मी मात्र बघून घेतलं सगळं - खाडी, मिठागरं चौकोन-चौकोन, आणि वडखळला गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. हात हलवला मी त्यांना!

रोह्याला वरनं चौक दिसला. काय सांगू! अख्ख्या मैदानभर. कडेने वेल, चार कोपऱ्यांत मोर. मधला तो एच बिचारा पोरका वाटत होता. पायलट हिंदीत काहीतरी ओरडला. मी म्हटलं, शुभ असतं.

खाली आलो, पंख्याचा वारा लागला, आणि चौक उठला! मोर गेले, वेल गेली, मैदान गेलं, रोहा गेलं. सगळं पांढरं. पायलट म्हणाला, पीठ बसू द्या, मग उतरा. पण मुहूर्त जवळ आलेला, आणि मला कुठे दम निघतो! पंखा थांबला तशी दार उघडायला लावलं. पहिली मी उतरले. छाती भरून श्वास घेतला, ओळ टाकायला तोंड उघडलं -

पीठ घशात गेलं. खोकला, खोकला. पाणी प्याले. पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. आवाज गेला.

पीठ खाली बसलं तसं वऱ्हाड दिसायला लागलं. पिठात लोळल्यासारखे सगळे. दत्ताशेटचा कोट, मिशी, पापण्या, सगळं पांढरं. गोदूबाई पुढ्यात आ करून उभी. "गो मालू, टाक ना! मी काय झेलू?" मी मान हलवली. तिचा आ तसाच. नितेशने हळूच मोबाइल काढला. मी बघितलं त्याच्याकडे. परत खिशात ठेवला. निलेश जागचा हलेना. "गाण्याशिवाय नाय," म्हणून तसाच उभा. मी केलं हे सगळं. माझ्याच चौकाने, माझ्याच घाईने. रडायला आलं, आणि रडायला पण आवाज नाही!

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी कोणीतरी ओळ टाकली. बाईचा आवाज, खणखणीत.

"आभाळातनं आला, पिठानं माखला, नवरा माझा मी वळखू कसा गो -"

"वळखू कसा गो!" गोदूबाईने झेलली. विचार न करता. तोंड उघडंच होतं तिचं.

बघते तर नवरी! बाशिंग बांधलेली मृणाली स्वतः. बायका हसायला लागल्या, मग त्यांनीही झेललं. पुढची ओळ तिने जुनी घेतली, बरोबर घेतली, आणि निलेश एकेक पाऊल टाकत मांडवात गेला. पुरं गाणं! एक ओळ गाळली नाही पोरीने.

नंतर पाया पडायला आली. "आजी माझी धवलारीण होती, मावशी. ती गेल्यावर घरात कोणी म्हणत नव्हतं." नवरीने स्वतःच्या लग्नात धवळा गायचा नसतो, हे मी तिला झणझणीत सुनावणार होते. आवाजच नव्हता. बरं झालं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाला, बोलणं येईल, हळूहळू. खालच्या आवाजात गुणगुणा हवं तर. ओळ टाकणं संपलं. जेवले नाही.

५ मार्च, गुरुवार

मृणालीचा फोन. धाटावच्या एका घरचं लग्न, धवलारीण म्हणून तिला बोलावलंय. म्हणते, "मी एकटी जाणार नाय. मी ओळ टाकते, तुम्ही गोदूबाईंच्या शेजारी बसून झेला." व्हय म्हटलं. उद्या सकाळी गोदूबाईकडे शिकायला जाते. झेलायचं कसं ते मला कुठे येतंय!