हमीचं सील

सोमवार, ३ फेब्रुवारी
बेटावर पोचले. उतरताना वाऱ्याने टोपी उडाली. लॉव्रे नावाच्या एका उंच पाणबुड्याने ती पाण्यातून काढून, पिळून, मोठ्या अदबीने हातात दिली. खोली लहान, पण खिडकीभर समुद्र, आणि टेबलावर कुणीतरी सुक्या अंजिरांची परडी ठेवलेली. खूप दिवसांनी उगाचच आनंद झाला. काम सोपं आहे: नौदलाने घेतलेली फिरती दाबपेटी तपासायची, सही करायची, शनिवारी घरी. पाणबुड्या घाईने वर आला की रक्तात बुडबुडे होतात. मग त्याला पेटीत घालून पुन्हा दाबाखाली न्यायचं आणि तासन्‌तास, हळूहळू दाब उतरवायचा. पुढच्या आठवड्यात इथे आठजण जुने सुरुंग काढायला उतरणार आहेत. मोठं रुग्णालय बोटीने चार तासांवर.

मंगळवार
खरेदी समितीचा अध्यक्ष कप्तान कालेबिच. पेटी हेलिकॉप्टरच्या दारातून जायला हवी, एवढी एकच अट त्याने स्वतः लिहिली. बेटावर हेलिकॉप्टर नाही. आत-बाहेर बोलायचा टेलिफोन पुढच्या वर्षीच्या खरेदीत. मी विचारलं, मग आतल्या माणसाने करायचं काय? झोपायचं की डॉक्टरबाई, म्हणाला, आजारी माणसाला कसल्या गप्पा! समिती हसली. खरेदीच्या फायलीवरच हॅम कापत होते.

बुधवार
लॉव्रे पेटीवरून हात फिरवत होता, जनावराच्या मानेवरून फिरवावा तसा. त्याचा जोडीदार गेल्या शरदात रुग्णालयाच्या वाटेवर बोटीतच गेला, याच्या मांडीवर. ही खरंच चालेल ना, एवढंच त्याने विचारलं. माणूस आत बसवून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, असं मी ठरवलं.

गुरुवार
कप्तानाने चाचणीचा अहवाल दाखवला. ‘शुक्रवारी १०.४० वाजता समाधानकारकपणे पूर्ण.’ आज गुरुवार आहे. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, फक्त माझी जागा रिकामी. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, मग बसा की तुम्हीच, हडकुळ्या आहात, मावाल. या माणसाची मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त किळस आली. बसते म्हणाले.

शुक्रवार, १०.०५
आत आहे. अठरा मीटर पाण्याखालचा दाब. कान मोकळे. झडपांपाशी लॉव्रे. निर्धास्त.

१०.४५
दाब उतरायला हवा होता. काचेतून दिसतंय, बाहेर वाद चाललाय. लॉव्रेने बोट दाखवलं: दाब सोडायच्या झडपेला तार, तारेला शिशाचं सील. पेटी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस काल संध्याकाळी लावून गेला असणार. बुधवारी नव्हतं. सकाळी पुन्हा पाहायला हवं होतं, मी पाहिलं नाही.

११.१०
वहीवर ‘तोडा’ लिहून काचेला लावलं. कप्तानाने कागदावर उत्तर लिहिलं: सील तोडलं तर हमी जाते. परवानगी मागवली आहे. मग अहवाल दाखवून १०.४० वर बोट ठेवलं. त्याच्या लेखी मी केव्हाच बाहेर आले आहे. मी हसले. हसायला हवा पुरत नाही.

१२.१५
डोकं ठणकतंय. लॉव्रे दिसत नाही. कप्तानाचा कागद: ‘उपमंत्री एक वाजता येतात. लॉव्रेला फुलं घेऊन धक्क्यावर पाठवलंय. धीर धरा.’ दाब कसा उतरवायचा हे कळणारा तो एकटाच — गाढवांनो. फुलं.

१२.५०
काच धुरकट — पुसते — पुन्हा धुरकट.
कागद. हसतोय. ‘परवानगी मिळाली! बोट लागली. एका मिनिटात बाहेर काढतो.’

एका मिनिटात नको. तीन तास झाले जवळजवळ — रक्त — हळू लिहिलंय, मोठ्या अक्षरांत, काचेला — तो पाठमोरा. टोपी नीट करतोय. खलाशाच्या हातात पक्कड

लॉव्रेला बोलवा — तार तुटली — कान — हळू, अहो, ह