दारूच्या रकान्यातले उत्तर

शिरगाव,
११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. आनंदीस दिनानाथचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष आनंदाची वार्ता! हृदयाच्या बेताल ठोक्यांवर मी अखेर अ‍ॅब्लेशन करून घेणार. तारीख एक मार्च. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि जिथून बेताल संदेश उठतात त्या जागा डागतात. गेल्या वर्षी किल्ल्याच्या बुरुजावर तुझ्यादेखत मला धापा टाकत बसावे लागले. ती नामुष्की आता संपेल.

यश कशावर अवलंबून, हे डॉक्टरीणबाईंना खोदून विचारले. आजार किती जुना, हृदयाचा कप्पा किती फुगला, वजन, रक्तदाब, झोपेतला श्वास, दारू. माझा आजार नवा, वजन सहा किलो उतरवलेले, रुग्णालयाच्या अर्जात दारूच्या रकान्यात ठळक ‘नाही’. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला निर्दोष पेपर ओळखता येतो.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.
तुझा दादा

बोईसर,
१५ फेब्रुवारी २०२४

ती. दादास आनंदीचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून अंगात बळ आले. परंतु परीक्षक महाशय, एक उत्तर साफ चुकले आहे. रोज सकाळी गोमा ताडावरून मडके उतरवतो, त्यातले दोन पेले कोण घेते? दिवाळीत मी त्यालाच विचारले, तर म्हणाला की मास्तर घेतात ती दारू नाय, झाडाचा रस हाय. साऱ्या गावाचे हेच मत, आणि तुझ्यासारख्या प्राचार्याचेही! मी रसायनशास्त्र शिकवले आहे, दादा. रस मडक्यातच आंबू लागतो. आणि तुझे घोरणे? माझ्या भाविकाच्या लग्नात वऱ्हाडाने खोली बदलून मागितली होती.

एकदाच डागून भागावे असे वाटत असेल, तर तारखेआधी डॉक्टरीणबाईंना खरे सांग. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी आनंदी

शिरगाव,
३ मे २०२४

चि. आनंदीस आशीर्वाद.

निर्दोष पेपरावर तू लाल शाई ओतलीस, म्हणून आठवडाभर संतापलो. मग बाईंना फोन केला. ताडी म्हणजे दारूच, चालू ठेवली तर ठोके पुन्हा बिघडण्याचा धोका वाढतो, असे त्या म्हणाल्या. त्यांनी तारीख सहा आठवडे पुढे ढकलली आणि झोपेची चाचणी करून नाकाला लावायचे यंत्र दिले. बारा एप्रिलला सर्व उत्तम पार पडले.

काल मात्र दुपारी चार मिनिटे काळीज पुन्हा फडफडले. बाई म्हणतात, पहिले तीन महिने जखमा भरताना असे होऊ शकते. गोळ्या चुकवू नका, निकाल त्यानंतर. निकालाची वाट विद्यार्थ्यांनी पाहायची असते, अशी माझी समजूत होती. आता मीच रोज कॅलेंडरवर एकेक दिवस खोडतो.

आठवण ठेव.
दादा

शिरगाव,
१२ ऑगस्ट २०२४

आनंदे, आशीर्वाद, आशीर्वाद!

ठोक्यांची सात दिवसांची नोंद आली. फडफड एकदाही नाही! निकाल आजन्म नव्हे, वजन आणि ताडीबंदी सांभाळा, असे बाईंनी बजावले. काल उघडीप होती म्हणून बुरूज चढलो. वर बसलोही, पण केवळ समुद्र पाहायला. गोमा आता शहाळे आणतो आणि मास्तर कामातून गेले, नुसता पानी पितात, अशी गावभर बोंब मारतो.

सोमवारी राखीला येतो. गाठ मारण्याआधी मनगट हाती घे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोज. यापुढे हा पेपर तूच तपासायचा.

तुझ्या लाल शाईचा ऋणी,
दादा