पलीकडून धरणारा

१२ एप्रिल १९९४
प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटलं, त्या क्षणी सगळं बदललं. कस्तुराला लिहिलेलं माझं पत्र सरांनी वर्गात मोठ्यानं वाचलं होतं. ऐकून घेणारा मी नव्हे. बाकं उलटी करूनच बाहेर पडलो.

आज मात्र झकास वाटतंय. वाळूजला टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. रांजणगावात खोली मिळाली, खिडकीतून कडुलिंब दिसतो. घरमालकीण आवडाकाकू बजावून गेल्या, की किल्लीला पुरा फेरा देत जा बाबा, अर्ध्यावर सोडलास तर कुलूप लागतच नाय, मागच्या पोराचा स्टो असाच गेला. सोयगावात कस्तुराचे वडील काकासाहेब म्हणाले होते, आधी पर्मनंट हो, मग आमचा उंबरा चढ. होतोच.

१५ एप्रिल
काम शिकलो. टाकीचे दोन भाग कडेला कडा लावून बोल्टांनी आवळायचे. बोल्टचं डोकं टाकीच्या आत, नट बाहेर. म्हणून माणसं दोन लागतात. माझा जोडीदार भिकन खालच्या भोकातून आत शिरतो आणि डोकं पान्यानं धरून ठेवतो, मी बाहेरून नट फिरवतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही, बोललेलं आत नुसतं घुमतं, म्हणून ठोके. माझा फेरा पुरा झाला की पत्र्यावर एक ठोका : सोड. तो पुढच्या बोल्टवर बसला की आतून एक ठोका : धरलं. ओळ संपली की माझे दोन ठोके : बाहेर ये. दोन ठोके मिळाल्याशिवाय आतल्यानं हलायचं नाही, हा इथला कायदा.

नट हातानं बसवून झाला की त्याच्यावर आणि पत्र्यावर मिळून खडूची एक रेघ मारायची. मग पान्यानं एक पुरा फेरा. मी पाना दोनदा ओढला आणि ठोका दिला. फोरमन बद्रीनाथ हसत सुटले. तुम्ही कॉलेजवाले ना, म्हणाले, हात किती फिरला ते घरी सांगा, नट किती फिरला ते मला सांगा. जागा अडचणीची; पाना थोडा ओढायचा, काढायचा, परत बसवायचा. नटवरची रेघ फिरून पुन्हा पत्र्यावरच्या रेघेला भिडली की झाला फेरा. तोही पलीकडं कोणी धरलं असेल तरच. नाहीतर अख्खा बोल्टच नटाबरोबर फिरतो. रेघ जुळते, आवळत काहीच नाही.

कस्तुराला हेच कळवलं. पलीकडून तू धरलंयस, म्हणून मी फिरतोय.

३ मे
कस्तुराचा निरोप आला. पंधरा तारखेला तिला बघायला येणार. मुलगा चितेगावच्या कंपनीत पर्मनंट आहे म्हणे. डोकं सणकलं. भिकन आत होता. जेवणाचा भोंगा झाला तरी मी थांबलो नाही, दात खाऊन ओळच्या ओळ आवळली. माझ्या प्रत्येक ठोक्याला आतून ठोका बरोबर येत होता. शेवटचा नट झाला तसा पाना फेकला आणि कॅन्टीनला गेलो.

भिकन तिथं भाकरी खात बसला होता. म्हणाला, भोंग्यालाच निघालो की, पोटापुढं कायदा नाय चालत. तुला हाक मारली, पण तू कुणाचं ऐकतोस व्हय.

मी हसलो. त्याच्या ताटातली मिरची उचलली. भोंग्यानंतर आतून आलेले ठोके मनात मोजले.

४ मे
बद्रीनाथांनी ओळ तपासली. एकही नट हलेना. पाठ थोपटली, अशीच आवळत राहिलास तर तुझं पर्मनंटचं बघतो म्हणाले. मी विचारलं, आत कोण होतं. ते पुढच्या टाकीकडं निघून गेले.

टपरीवर भिकननं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात मुंजाबा आत धरायला होता. टाकी उन्हात तापलेली. बाहेरचा गडी ओळ झाली तसा चहाला गेला, दोन ठोके द्यायचे राहिले. मुंजाबा लई सरळ माणूस, कायदा म्हणजे कायदा. बसून राहिला. बघितलं तेव्हा पाना बोल्टच्या डोक्यावर तसाच होता, आणि पान्यावर हात.

काल दोन ठोके मीही दिले नव्हते.

५ मे
भिकनला बॅटरी घेऊन आत पाहायला लावलं. टाकी रिकामी. तो बाहेर आला. मग मी दोन ठोके दिले. बाहेर ये.

आतून एक आला. धरलं.

८ मे
नोकरी सोडली तर कस्तुरा गेली. नाही सोडली तर —

सकाळी खोलीतला नळ फिरेना. गंज नव्हे. पलीकडून कोणी धरल्यावर कसं लागतं ते हाताला आता कळतं. सवयीनं भिंतीवर एक ठोका दिला. नळ सुटला.

मग भिंतीतून ठोका.

११ मे
सायकलचा नट. स्टोची चावी. बाटलीचं झाकण. सगळं आधी धरलेलं. दोन ठोके देऊन देऊन बोटं सुजली. उत्तर एकच. आवडाकाकू विचारतात, भिंतीत खिळे ठोकतोस काय रे.

कारखान्यात माझ्या ओळी सगळ्यांत घट्ट.

१३ मे
पर्मनंट झालो. साहेबांची सही झाली. पेढे वाटले. भिकननं पेढा घेतला, पण माझ्या टाकीत शिरायला नाय म्हणतो. आत जागा भरलेली हाय, म्हणाला.

१५ मे, सकाळ
आज तिला बघायला येणार. त्यांच्या आधी पोचलं पाहिजे. पत्र्याच्या पेटीत कस्तुरासाठी घेतलेली साडी ठेवली, कडी घातली. ह्याला इथंच सोडायचं. कोंडून —

बाहेर आलो. दार ओढलं. वही दारावर टेकवून लिहितोय, हात रिकामा राहिला की —

किल्ली. अर्ध्यावर अडली. आतून धरलंय. धर बाबा. तू धरलंस तरच —

पुरा झाला फेरा.

दारावर एक ठोका दिला. सोड.

सुटली. किल्ली हातात. उत्तर येत नाही. दार गप्प. अजून गप्प. पेटी उचलतो आणि —

ठोका. दारातून नाही. पेटीच्या आतून, साडीच्या