दंडातलं बळ

मंगळवार, ९ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद आहेतच, तू न मागितलेस तरी. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा उपद्व्याप. आई ठीक आहे. बेकरी चार दिवस बंद होती, काल पुन्हा भट्टी पेटवली. गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात. साहेबांना वेळ नसतो, असं सांगते.

तू भांडून गेलास त्या दिवशी म्हणालास, "परात उचलताना हात कापतात तुमचे. विकून टाका बेकरी." ते बाबांच्या फार जिव्हारी लागलं. मग आपणहून म्हणाले, डॉक्टरीणबाईंकडे चल. दाढ ठणकली तरी न जाणारा माणूस!

बाईंनी नीट समजावलं. वय झालं की वाढीचं हार्मोन सगळ्यांचंच कमी होतं. दंड सुकतात, पोट सुटतं. बाबांच्या बाबतीत भर पडली ती भट्टीवरच्या जागरणांची, सुटलेल्या पोटाची आणि पिठाच्या धुळीने जडलेल्या दम्यावर वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची. "झोपा, चाला, वजन उतरवा. तरुण करणाऱ्या इंजेक्शनांच्या नादी लागू नका. गोळ्या मी हळूहळू कमी करीन, तुम्ही मनाने बंद करायच्या नाहीत."

बाबांनी सोयीचं तेवढं ऐकलं. रोज चालायला लागले. आरशासमोर दंड फुगवून म्हणायचे, "येऊ दे त्याला, एका हाताने परात उचलून दाखवतो." आम्ही दोघी हसायचो. गोळ्या मात्र त्यांनी बाईंकडून आले त्याच दिवशी गुपचूप बंद केल्या होत्या. पीठ बिघडलं की निवडत बसायचं नाही, सगळं फेकायचं, हा त्यांचा जन्माचा खाक्या. तोच त्यांनी स्वतःच्या शरीराला लावला.

मग उलट्या, चक्कर. आम्हाला वाटलं पित्त झालं. दवाखान्यात कळलं, इतकी वर्षं गोळ्यांवर चाललेलं शरीर आपलं काम विसरतं, आणि तो आधार एकदम काढला की कोसळतं.

बाबा गेले, छोट्या. गुरुवारी. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, हात धजला नाही.

तुझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. कधीकधी म्हणावंसं वाटतं. पण तू इथे असतास तर तुझ्याच गळ्यात पडून रडले असते.

आई सारखी विचारते, त्याला कळवलंस का? मी सांगितलंय, कळवलं, फार रडला, निघालाय. मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
ताई