धाडसाचे दहा गुण

ता. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं, आणि तरीही तू दिवसभर दुकानात सायकली उलट्या करून पंक्चर काढत बसतेस हे वाचून ते बरं वाटणं गेलं. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि मी सांगायचं थांबणार नाही हे तुला.

इथली मोठी बातमी टिटवीच्या शाळेची. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना बोलावून सांगितलं की नववी-दहावीची मुलं कशातच भाग घेत नाहीत. हात वर करत नाहीत, स्पर्धेला नाव देत नाहीत, शाळा सुटली की पाय लावून पळतात. म्हणून यंदापासून 'निरोगी जोखीम' असा उपक्रम निघाला आहे. प्रत्येकाला एक धाडस-वही. महिन्याला एक धाडस करायचं, मात्र ते आठ दिवस आधी वहीत नोंदवायचं, पालकांची सही घ्यायची, वर्गशिक्षकांची मंजुरी घ्यायची आणि मगच करायचं. त्याला दहा गुण.

ताई, बावीस वर्षं मी लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दरवाजे, वजनाची मर्यादा. जोखमीचा विषय निघाल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. रविवारी बसून टिटवीसाठी वर्षभराचा तक्ता केला, त्याची एक प्रत सोबत पाठवतो. वर्गात एक शंका विचारणे (शंका घरी लिहून नेणे). वाचनालयातून नव्या विषयाचं पुस्तक आणणे (पातळ). शर्यतीत भाग घेणे (चालत). तुझी भावजय दाताच्या दवाखान्यातलं काम संपवून दमून आली होती, तिने तक्ता पाहिला आणि झोपायला गेली.

काळजी टिटवीची वाटते. पाळण्यात होती तेव्हा ओरडून अख्खी इमारत जागी करायची म्हणून तू हे नाव ठेवलंस. आता पंधरा वर्षांची झाली आणि दिवसाला चार वाक्यं बोलते, त्यातली दोन 'हो' आणि 'नाही'. या वहीने काही फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

लोभाची मुदत संपण्याआधीच वाढवून द्यावी, ही विनंती.

तुझा,
धाकटा

ता. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावला आहे. गिऱ्हाइकं वाचतात आणि हवा भरून झाली तरी हलत नाहीत. शर्यतीत चालत भाग घ्यायचा, हे वाचून पोस्टमन माझ्या स्टुलावर बसला आणि त्याला पाणी द्यावं लागलं.

तुझी शाळाही तुझ्याच तोलाची निघाली. आठ दिवस आधी मंजूर झालेलं धाडस म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे वेळ घेण्यातलाच प्रकार झाला. पटत नसेल तर भावजयीला विचार. मुलं हात वर करत नाहीत म्हणे. कशी करतील? गेली नऊ वर्षं हात वर केला की खाली कर म्हणून ओरडणारी हीच मंडळी. आता तोच हात वहीत नोंदवून हवा आहे.

मी गल्लीतल्या पोरींना सायकल शिकवते तेव्हा त्यांचे बाप मागे सीट धरून पळत येतात. बापाला धाप लागते, पोरगी शिकत नाही. शेवटी बापाला मी चहा आणायला पाठवते आणि तो परत येईपर्यंत पोरगी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेली असते. गुडघा फुटलेला असतो, पण गेलेली असते.

तक्ता केलास, पण टिटवीला काय करायचंय ते विचारलंस का? विचार, आणि ती उत्तर देईपर्यंत तोंड बंद ठेव. दुसरा भाग तुला झेपणार नाही, तरी करून बघ.

लोभ आहे, त्याला तेलपाणी करत जा.

ताई

ता. १३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. बाबांना माहीत नाही. आमच्या शाळेत याला धाडस धरत नाहीत, कारण आधी नोंदवलं नव्हतं.

काय धरतात ते सांगते. वर्गातल्या एकीने डाव्या हाताने दात घासले, आठ गुण. एका मुलाचं धाडस त्याच्या आईनेच उरकलं आणि फोटो चिकटवला. त्याला नऊ मिळाले, कारण पानाची सजावट छान होती. माझी वही बाबांनी मार्चपर्यंत भरून ठेवली आहे. मी फक्त तारखा आल्या की वयाने मोठी होत जायचं.

परवा बाबांनी मला विचारलं की तुला काय करावंसं वाटतं. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी तीन पर्याय सुचवले होते.

आता खरी गोष्ट. मी एक नाटक लिहिलं आहे, अर्ध्या तासाचं. त्यात एक कार्यालय आहे, तिथे शिंकायलासुद्धा शिक्का लागतो. मोठ्या बाई शिक्के मारतात. आणि एक तपासनीस आहे. कानामागे पेन्सिल, पायरी चढण्याआधी ती पायाने दोनदा ठोकून बघतो. तो कोण ते तू ओळखशील. आम्ही सहाजणी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागे तालीम करतो. तपासनीस मीच झाले आहे, कारण ते चालणं बाकी कुणाला जमत नाही. माहीत आहे ते फक्त चित्रकलेच्या बाईंना. सत्तावीस तारखेला सभागृहात वार्षिक कार्यक्रम आहे, त्यात करायचं आहे.

वहीत नोंदवलं तर बाबांची सही लागेल आणि ते वाचतील. ते रागावतील याची भीती नाही गं, ते रागवतच नाहीत. ते चष्मा काढून पुसत बसतात, आणि ते मला बघवत नाही. पण नाटक मला करायचंच आहे. इतकं काहीच कधी करावंसं वाटलं नव्हतं. प्रेक्षकांत ते बसलेले असतील, तेव्हा काय होईल ते होईल.

लोभ असू दे, आणि हे तुझ्यापाशीच असू दे.

टिटवी

ता. १९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या टोमण्यांना उत्तर म्हणून एक बातमी. शाळेने पालकांची सुरक्षा समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं. लिफ्ट तपासणारा दुसरा पालकच नव्हता.

काल सभागृह तपासलं. मागचं दार आतल्या बाजूला उघडतं. उद्या धूर झाला आणि तीनशे माणसं त्या दारावर रेटली तर ते उघडणारच नाही. मी जागच्या जागी सभागृह बंद केलं, दारावर सूचना चिकटवली आणि खाली सही केली. वार्षिक कार्यक्रम रद्द. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला, पण माझ्यापुढे काय बोलणार? यापुढे मैदानात कुणाला काही करायचं असेल तर त्यासाठी आठ रकान्यांचा अर्जही तयार करून दिला आहे.

नववीच्या कुठल्याशा मुलींचं एक नाटुकलं होतं म्हणे, ते बुडालं. दोन दिवस रडतील आणि विसरतील. घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं, तर टिटवी अर्ध्या ताटावरून उठली. पोट बिघडलं असावं. गरम पाणी दिलं.

बाकी क्षेम. लोभाला कुलूप लावू नये.

तुझा,
धाकटा (अध्यक्ष)

ता. २२ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र आलं. त्याने काय केलं ते त्याला माहीत नाही, आणि त्याच खुशीत आहे. वाचून मी पाना फेकला, तो मांजराला लागता लागता राहिला. मग पुन्हा वाचलं. चिडूनसुद्धा सांगावं लागतं की दाराच्या बाबतीत तो बरोबर आहे. माणूस हास्यास्पद असला म्हणजे चुकीचाच असतो असं नाही. तुझ्या नाटकात हे आहे का? नसेल तर घाल.

रडून झालं असेल तर पुढचं. मैदानाला दार नाही, तेव्हा तिथे तो काही बंद करू शकत नाही. अर्ज मात्र लागेल आणि तो त्याच्याच टेबलावर जाईल. मी मध्ये पडले तर तो तुला माझ्या शब्दाखातर परवानगी देईल आणि मग ते नाटक माझं होईल. म्हणून मी पडत नाही. लपवून केलंस तरी मजा येईल, पण मग त्याला सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळेल, आणि तेवढं वाईट वागावं असा काही तो नाही.

मला विचारशील तर आधी दाखव. तो नाही म्हणू शकतो. नाटक तिथेच संपू शकतं. हे मी गोड करून सांगत नाही.

लोभ तुला मागावा लागत नाही, घरचाच आहे.

आत्या

ता. २९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोमवारी मी अर्ज भरला. संभाव्य धोका: तपासनिसाला वाईट वाटणे. शक्यता: जास्त. इजा कुणाला: बाबांना, मग मला. टाळण्याचा उपाय: नाटक न करणे. उपाय करणार का: नाही. नाटकाची वही सोबत जोडली.

घरी नाही दिला. समिती शिक्षकांच्या खोलीत बसते, तिथे रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे विज्ञानाचे सर होते, त्यांना मैदानात फुगा सोडायचा होता. माझी पाळी आली तेव्हा बाबांनी अर्ज वाचला, मग वही उघडली. चार पानं वाचली. मग चष्मा काढून पुसायला लागले. मी तिथून हलले नाही. शेवटी ते म्हणाले की निर्णय दोन दिवसांत कळवण्यात येईल. सगळ्यांना तसंच सांगतात.

दोन दिवस आई मला आणि त्यांना आळीपाळीने बघत होती. मी तालीम थांबवली, कारण बाकीच्या पाचजणींना काय सांगायचं तेच कळेना. बुधवारी सकाळी माझ्या कपाखाली अर्ज ठेवलेला होता. मंजूर. खाली एक अट होती की तपासनिसाने पेन्सिल उजव्या कानामागे ठेवावी, डाव्या नव्हे.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. प्रयोग शनिवारी आहे.

लोभ असू दे. शनिवारी जास्त असू दे.

टिटवी

ता. ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे टिटवीने सांगितलं. यावर मी वेगळं पत्र लिहीन, ते तुला आवडणार नाही.

प्रयोग झाला. मी पहिल्या रांगेत होतो. ती मैदानातल्या मंचाशी आली, पायरी दोनदा ठोकली, आणि माझ्या शेजारचे विज्ञानाचे सर खुर्चीवरून घसरले. मीही हसलो, ताई. ते चालणं हुबेहूब होतं. मुलगी आहे का आरसा, कळेना.

मग एक प्रवेश आला. तपासनिसाची मुलगी रोज शाळेतून येते. तो विचारतो कुठे लागलं का, ती नाही म्हणते, तो 'दोष नाही' असं लिहितो आणि पान उलटतो. असं सात वेळा. लोक सातही वेळा हसले. मी दुसऱ्या वेळेनंतर हसलो नाही. तिला याहून वेगळं काही कधी विचारलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न करत बसलो. फार वाईट वाटलं. तिच्या अर्जात शक्यता 'जास्त' लिहिली होती, ती बरोबर होती.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. नाटकातल्या शिक्के मारणाऱ्या मोठ्या बाई त्यांना लागल्या होत्या, पण तसं कोण म्हणतं? त्या म्हणाल्या की हे धाडस वहीत आठ दिवस आधी नोंदवलेलं नव्हतं, सबब टिटवीला शून्य. शून्य मिळालेल्या मुलीला पुढच्या सत्रात कुठल्याच उपक्रमात भाग घेता येत नाही, असा नियम आहे. मुलांनी भाग घ्यावा म्हणून काढलेल्या उपक्रमाचा नियम. गेल्या महिन्याचं पहिलं बक्षीस कुणाला दिलं विचारशील, तर चित्रात आकाश जांभळं रंगवलेल्या मुलाला. रंग आधी मंजूर करून घेतला होता.

मग बाईंनी आवाज मऊ केला. मी पालक म्हणून दिलगिरीच्या दोन ओळी लिहून दिल्या आणि वहीत मागची तारीख टाकून नोंद केली, तर दहातले आठ देता येतील. कागद माझ्यापुढे सरकवला. समोर कागद आला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पेन निघालंसुद्धा होतं. मग मी म्हणालो की नाटक माझं नाही, ती बाहेर बाकावर बसली आहे, तिलाच विचारा.

टिटवी आत आली. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. मध्ये बोलण्यासाठी माझी चांगली चार वाक्यं तयार होती. मी एकही बोललो नाही. ती बराच वेळ विचार करत उभी होती. नंतर म्हणाली की तिला दिलगिरी वाटत नाही, त्यामुळे लिहिता येणार नाही, आणि मागची तारीख खोटी आहे. शून्य चालेल.

बाईंनी लाल शाईने शून्य काढलं, जरा मोठंच काढलं, आणि वही माझ्याकडे फिरवली. खाली पालकांच्या सहीची जागा होती. बावीस वर्षांत मी हजारो सह्या केल्या. ही पूर्ण नावाने केली, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.

लोभ करतेस तसाच करत राहा.

तुझा,
धाकटा