दुसऱ्या भागाची दोरी

१० नोव्हेंबर

पुण्याहून कंपनीच्या केतकीमॅडमचा फोन. आपला 'रापण' गेम अजून चालतोय, लोक अजून फोनवर उतरवून घेतायत, कंपनी खूश आहे, दुसरा भाग हवा. मी खुर्चीतून उडालेच. खालचा सायकलवाला जिना चढून बघायला आला की वर काय पडलं.

मग मॅडमनी दुसरा भाग म्हणजे काय ते सांगितलं. होड्या नव्या, मासे नवे, लेव्हल दुप्पट. बाकी सगळं तेच. अंगठ्याने किनाऱ्यावरून जाळ्याची दोरी ओढायची, लाट आली की ओढायची, परतली की धरून ठेवायची. लोकांना आवडलंय ते कशाला बदलायचं, म्हणाल्या.

मंगेश टेबलावर तबला वाजवत होता. प्रोग्रॅम माझा, चित्रं सगळी त्याची, त्यामुळे नव्या होड्या म्हटल्यावर स्वारी हवेत. माझं तोंड बघून थांबला.

१२ नोव्हें.

मं.शी दिवसभर वाद. माझं म्हणणं, आपण दोघं शाळेत असल्यापासून गेमच्या दुसऱ्या भागांना शिव्या घालत आलोय. पहिल्यात एक तलवार. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तलवारीला आग. माणूस तोच, भिंत तीच, दाराआडचा राक्षसही त्याच दारामागे. आणि आता आपली पाळी आली की आपणही तेच करायचं?

मं. म्हणे, तुझी आई दरवर्षी तेच मोदक करते. कधी म्हणालीस का, आई, यंदा काहीतरी नवीन कर?

याचं उत्तर घरी पोचेपर्यंत सुचलं: मोदक खाऊन संपतो, पहिला भाग फोनमध्ये तसाच असतो. तोच हवा असेल तर तोच खेळा ना. उद्या सांगीन.

करार काढून वाचला. 'रापण' हे नाव कंपनीचं. आम्ही केलं नाही तर पुण्यातली त्यांची टीम करणार. मॅडमनी जानेवारीअखेर नमुना मागितलाय. म्हणजे हो म्हटलं तर आपल्या हाताने आपल्याच गेमची झेरॉक्स, नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या हाताने. कुडाळहून वालावलपर्यंत स्कूटीवर एकटीच बडबडत आले.

१५ नोव्हें.

ठरलं. मॅडमना मी सांगितलं, दुसरा भाग आम्ही करणार, पण आमच्या पद्धतीने. मॅडम म्हणाल्या, जानेवारीत दाखवा, नाही आवडलं तर इथली टीम तयार आहे. बोलणं गोड, पण सुरी दिसली.

मी खूश. मं. नाही. त्याचं लग्न ठरतंय, त्याला खात्रीचं काम हवंय, हे मला कळतं. पण मला खात्रीचं काम करायला लागलं की झोप येते.

दुपारी पहिल्या भागाच्या जुन्या तक्रारी वाचत बसलो. गंमत आठवली. मालवण, आचरा, देवगड, सगळीकडून एकच तक्रार होती: दोघांनी ओढली की अडकते. बाकी महाराष्ट्रातून एकही नाही. एकट्याच्या खेळात दुसरा हात घालतोच कशाला, म्हणून आम्ही दुसरं बोट चालेनासंच करून टाकलं होतं. तर नंतरच्या तक्रारी: आता दुसऱ्याचं बोट चालत नाही. आमच्या लोकांना काही म्हणजे काही करून चालत नाही. हसून हसून मं.च्या चहात बिस्कीट बुडून गेलं.

२१ नोव्हें.

डोकं भन्नाट चाललंय. खोल समुद्र. वादळ. बुडालेलं जहाज. पाण्याखाली श्वास मोजत जायचं. पहिल्याचं काहीही ठेवायचं नाही. एवढं नवीन की केतकीमॅडमना घाम फुटला पाहिजे.

६ डिसेंबर

चालायला लागलं. मं.ने जहाज असं काढलंय की बघत राहावं. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांसारखी रेष, मागून उजेड. मी दहा मिनिटं खेळले. मग त्याला दिलं. तो खेळला. ठेवला फोन.

"ह्यात रापण खंय आसा गो?"

मी म्हटलं नाव आहे की वर. डबा उघडला, सोलकढी सांडलेली, त्याच्यावर ओरडले. सोलकढी माझीच होती आणि सांडलीही मीच होती.

७ डिसें.

त्याचं बरोबर आहे. लिहून ठेवते, तोंडावर कबूल करायला वेळ लागेल. जहाज छान, वादळ छान, पण कुणाच्याही समुद्रातलं. आधीचं सगळं टाकून दिलं की नवीन होत नाही, नुसतं वेगळं होतं. झेरॉक्स नको म्हणून घर सोडून पळाले. आता दोन महिनेही उरले नाहीत धड आणि हातात काही नाही.

१४ डिसें., रविवार

मं.ला नव्या होड्यांचे फोटो हवे होते (हार मानून त्याने झेरॉक्सची तयारी सुरू केलीय, मला न विचारता, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं). म्हणून सकाळी आचऱ्याच्या किनाऱ्यावर गेले. रापण लागलेली. होडी जाळं टाकून अर्धगोल फिरून आलेली, जाळ्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग. मी वाळूत उभी राहून फोटो काढत होते. लहानपणापासून लांबून बघितलेलं, गेमसाठी व्हिडिओवरून बघितलेलं. हात कधी लावला नव्हता.

दोरीवरच्या एका म्हातारीने मान वळवली. "उबी कित्याक रवलंस? दोरी धर."

फोन खिशात टाकला आणि धरली.

देवा. तळहात सोलवटले. पण ते नाही लिहायचंय. लिहायचंय ते हे, की आमची बाजू जोरात होती, तरणी पोरं पुढे, आणि समोरची बाजू मागे. लगेच आरडाओरडा, "हळू, हळू घेवा." एक बाजू पुढे गेली की जाळं वाकडं होतं आणि मासे बाजूने निघून जातात. दुसरी दोरी शंभरेक पावलांवर. तिथली माणसं मला ओळखूही येत नव्हती. पण ती कशी ओढतायत ते दोरीतून हाताला कळत होतं. ती दमली की आपण थांबायचं. येणारा जाणारा मधेच दोरीला लागत होता, कुणी कुणाला विचारत नव्हतं.

जाळं वर आलं, वाटे घातले. मी निघाले तर म्हातारीने हाक मारून बांगडे पुढे केले. मी म्हटलं, मी नुसती बघायला आलेले.

"दोरयेक हात लावलंस ना? मगे ह्यो तुजो वाटो."

पिशवी नव्हती. ओढणीत बांधून आणले. स्कूटीला अजून वास येतोय. फोटो एकच आला आहे, त्यात माझं बोट.

१५ डिसें.

सापडलं. सापडलं. सापडलं.

काल जेवताना आईला दोरीचं सांगत होते. तिचं माहेर किनाऱ्यावरच्या तोंडवळीचं, तिला यात नवल वाटेना. मग सहज म्हणून तिला आमच्या गेमची जुनी, बदलण्याआधीची प्रत लावून दिली. तिने फोन अंगणात, खळ्यातल्या बाकावर ठेवला आणि शेजारच्या काकूला हाक मारली. दोघींनी एकेक अंगठा टेकला. गेम अडकला. मी म्हटलं, आई, हा एकट्याने खेळायचा आहे.

"एकट्यान कोण ओडता गो रापण?"

बस. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतून हीच तक्रार आली होती. त्यांची चूक नव्हतीच. जिथे रापण असते तिथला माणूस दुसऱ्याला हाक मारल्याशिवाय दोरीला हात लावत नाही. आम्ही पहिल्या भागात दोरी एकच ठेवली आणि वर दुसरं बोट चालेनासं केलं. दुसरा भाग आमच्या तक्रारपेटीत पडून होता आणि आम्ही त्यावर बिस्किटं बुडवत हसत होतो.

दोन दोऱ्या. बाकी समुद्र तोच, लाट तीच, अंगठाही तोच. फक्त आता कुणीतरी हवं.

मं.ला सकाळी सात वाजता फोन केला. म्हणाला, वेडी झालंस काय. म्हटलं हो.

२८ डिसें.

काम, काम, काम. एका फोनवर दोघं, नाहीतर दोन गावांत दोन फोन. दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसत नाही, बोलता येत नाही, दोरीतूनच ओळखायचं. मधेच कुणीही बोट टेकवलं तर चालतं आणि त्याला वाटा मिळतो. मं. म्हणाला, फुकट्यांचं काय? म्हटलं, किनाऱ्यावर फुकट्यांचं जे होतं तेच. मासे मिळतात आणि पुढच्या वेळी त्यालाच आधी हाक मारतात.

आज पहिल्यांदा मं. आणि मी समोरासमोर ओढली. सहा वेळा मासे सुटले. इतकी वर्षं एका टेबलावर बसतो आणि आज कळलं हा माणूस किती घाईत असतो. त्याला कळलं मी थांबतच नाही. सातव्या वेळी जाळं सरळ आलं. मग त्याने झेरॉक्सच्या होड्यांचं सगळं काम माझ्या डोळ्यांसमोर पुसून टाकलं. मी सांगितलं नव्हतं.

मोदकाचं उत्तर पण आज दिलं त्याला. म्हणाला, तुझ्या आईने यंदा मोदक वळायला मला बसवलं होतं, तेवढंच नवीन. म्हटलं, तेच तर सांगतेय मी.

३० जानेवारी, पुणे

झालं. जिंकलो.

थंडगार खोली, लांब टेबल, केतकीमॅडम आणि पाच जण. पहिलाच प्रश्न अपेक्षित: एकट्या माणसाने काय करायचं? दुसरा भाग म्हणजे जास्त हवं, तुम्ही तर अट वाढवलीत. मी उत्तर पाठ करून आले होते. मं.ने मला पायाने ढोसलं आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हणाला, आधी ओढा.

मॅडम एका बाजूला, हिशेब बघणारे कुलकर्णी दुसऱ्या. मासे सुटले. पुन्हा. मॅडम म्हणाल्या, कुलकर्णी, जरा हळू. कुलकर्णी म्हणाले, मॅडम, तुम्हीच मागे राहताय. मला वाटलं संपलं सगळं. मग मॅडम खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, परत लावा.

पाचव्या वेळी जाळं अर्ध्यावर असताना मोठे साहेब कसलातरी कागद घेऊन आत आले. उभ्या उभ्या बघितलं आणि कुणाला न विचारता बोट टेकवलं. साहेब आचऱ्याचे नाहीत, साताऱ्याचे. जाळं वर आलं. पडद्यावर वाटे पडले, साहेबांना एक बांगडा. एकच का, म्हणाले. कुलकर्णी म्हणाले, तुम्ही उशिरा आलात.

माझं पाठ केलेलं उत्तर तसंच राहिलं.

दुसरा भाग आमचा. पण त्यांच्या टीमने झेरॉक्सही तयार ठेवलीय. पहिला महिना बघणार, लोकांनी पाठ फिरवली तर ती 'रापण तीन' म्हणून बाजारात. असो. बाहेर येऊन मं.ने आणि मी अमृततुल्यचा चहा घेतला आणि रस्त्यावर उभं राहून वेड्यासारखे हसलो. त्याने होणाऱ्या बायकोला फोन लावला आणि पहिलं वाक्य काय तर, तू घाईत ओढतंस की सावकाश?

२ एप्रिल, वालावल

रापण दोन बाहेर पडून आठवडा झाला. कुडाळच्या खोलीत बसवेना म्हणून घरीच आहे.

चांगलं लिहिणारे खूप आहेत. वाईटही आहेत. आजचं एक उतरवून घेते, नागपूरचे कुणी आहेत. एक तारा. "पहिल्यासारखा अजिबात नाही. एकट्याला नीट खेळताच येत नाही. शेवटी बायकोला बोलवावं लागलं." मी खचले. अशी दहा आली तर महिना संपायच्या आत पुण्याची झेरॉक्स बाजारात.

मग खाली पाहिलं. त्याच माणसाने तासाभराने अजून लिहिलंय. "बायको फोन परत देत नाही. तिचं म्हणणं मी नीट ओढत नाही. शेजारचे पण येऊन बसलेत." तारा मात्र एकच. बदललेला नाही. चार वेळा वाचलं आणि मं.ला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ह्या माणसाचो सत्कार करूक व्हयो. पहिल्यासारखा अजिबात नाही. हो, काका, नाहीच आहे.

आकडे अजून आलेले नाहीत. केतकीमॅडमचा फोन वाजतोय समोर, त्याच सांगतील. पण आई आणि काकू आईचा फोन घेऊन खळ्यात बसल्यायत, जाळं अर्ध्यावर आलंय, समोरच्या टोकाला कोण आहे देव जाणे, जोरात ओढतंय, आणि आई मला हाका मारतेय दोरी धर म्हणून. फोन वाजू दे. जाते.